दुखावलेला मेंदू आणि आपल्या हातच्या कला

(मंडळाच्या वर्धापनदिनी श्रीगोंदा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा चिटणीसबाईंनी सोबत एक अटही घातली होती. विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण ऐकून घरी गेल्यावर बायकांच्या उपयोगी पडला पाहिजे. भरतकाम, लोणची, मुलांचा अभ्यास हे विषय ह्या व्यासपीठावरून आजवर बरेच होऊन गेले आहेत. मी आज मेंदूविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि कविता शिकवल्या, एवढाच माझा अधिकार. परंतु गेली काही वर्षे आमच्या घरात ह्या विषयाने मुक्काम केला आहे, आणि त्या निमित्ताने जे वाचले, जाणत्यांना विचारले, डोळ्यांनी पाहिले, तेवढेच मी सांगणार आहे.

आपल्याकडे 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू. शब्दात वारा असला तरी त्यात वाऱ्याचा काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते, किंवा फुटते आणि रक्त बाहेर साचते. त्या भागातल्या पेशी रक्तावाचून मरू लागतात. मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते आणि उजवी बाजू डावा भाग. म्हणून एका अंगाचा हातपाय लुळा पडतो. मेंदूला इजा होण्याचा दुसरा रस्ता आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावरून मोटारसायकलीवर मागे, एका अंगाला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई आपण रोज पाहतो. गाडी गतिरोधकावर आदळली की पहिली पडते ती तीच, आणि तिच्या डोक्यावर पदराखेरीज दुसरे काही नसते. पुढे बसलेल्याचे हेल्मेट तर बहुधा घरी खुंटीला असते.

कलांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती राहिली तर पुढचे सगळे बोलणे फुकट आहे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळू लागले, ह्यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी १०८ ला फोन करून तडक मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आधी डोक्याचा स्कॅन काढून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. गुठळी की रक्तस्राव, हे वरून ओळखू येत नाही. तेव्हा कांदा हुंगवणे, तेल चोळणे, अंगारा लावणे ह्यांत पहिला तास घालवू नये. तोंडात पाणी किंवा चहाही ओतू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर तो श्वासनलिकेत उतरतो. किती वाजता सुरू झाले, ती वेळ मात्र लक्षात ठेवावी. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.

एवढे करून माणूस वाचला, दहा-पंधरा दिवसांनी घरी आला. खरी कहाणी तेथून सुरू होते, आणि ती घडते आपल्या ओसरीवर.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, २०१८ च्या दिवाळीनंतर हा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, पण शब्द उरला होता एकच, 'तेच'. भूक लागली तरी 'तेच', पाय दुखला तरी 'तेच', नातू समोर आला की डोळे भरून 'तेच, तेच'. एका दवाखान्यात सांगितले की, आता एवढेच, घरी न्या आणि सेवा करा. सेवा आम्ही केलीच. पण घरात हळूहळू एक निराळीच गोष्ट घडू लागली. माईंना बोलता येत नाही, म्हणजे त्यांना कळतही नाही, असे सर्वांनी धरून चालायला सुरुवात केली. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलणे, कोठीच्या किल्ल्या दुसऱ्या कमरेला जाणे, शेताच्या वाट्याचा विषय त्यांना न विचारता निघणे. चाळीस वर्षे जिच्या शब्दावर घर चालले, तिचे नाव घरच्या बोलण्यातून असे गळून पडले. माईंनी भिंतीकडे तोंड केले. झटका आलेल्यांपैकी साधारण तीनांतील एकाला पुढे मनाची गंभीर खिन्नता येते असे डॉक्टर सांगतात. ती मेंदूच्या इजेमुळेही येते आणि अशा वागण्यामुळेही.

अशात एका एकादशीला आमच्या ओसरीवर हरिपाठ चालला होता. माई आतल्या खोलीत पलंगावर. ध्रुपदाच्या ओळीशी आतून एक आवाज येऊन मिळाला. शब्द स्पष्ट, सूर बरोबर. सुनेच्या हातातले टाळ तसेच राहिले. गावात दुसऱ्या दिवशी चमत्काराची वार्ता गेली, कोणी नारळ घेऊन आले. पण सकाळी माईंना विचारले, 'माई, पाणी हवं?' तर उत्तर आले, 'तेच.'

हे कोडे जुने आहे. पॅरिसमध्ये ब्रोका नावाचे शल्यवैद्य होते. १८६१ साली त्यांच्याकडे लबोर्न नावाचा एक रुग्ण आला. रुग्णालयात तो एकवीस वर्षे राहिला होता, आणि 'टॅन' ह्या एका उच्चारापलीकडे त्याला काही बोलता येत नसे. पण त्याला समजत असे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. शब्द जुळवून उच्चारण्याचे काम बहुतेक माणसांत ह्या भागात चालते, हे तेव्हापासून लोकांना कळू लागले. माईंचा 'तेच' हा त्या रुग्णाच्या 'टॅन'चा भाऊच म्हणायचा. ह्या अवस्थेला मराठीत वाचाघात म्हणतात. वाचाघात म्हणजे वेड नव्हे आणि मूर्खपणा तर नव्हेच. त्याचेही प्रकार आहेत. काहींना कळते पण बोलता येत नाही, तर काही घडाघडा बोलतात पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे कळतही नाही.

मग गाणे कसे राहिले? गाण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात, आणि सूर सांभाळण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. डावी दुखावली तरी उजवी शाबूत असते. शिवाय लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेले, तोंडात बसलेले शब्द निराळ्या वाटेने येतात. म्हणून अशा रुग्णाला आरती येते, एक ते दहा आकडे येतात, वार येतात, आणि भगिनींनो, हसू नका, शिवीसुद्धा स्पष्ट येते. आमच्या ओळखीच्या एका सोवळ्या आजोबांच्या घरी त्यामुळे मोठी पंचाईत झाली होती. त्यांच्या तोंडी आयुष्यात कोणी तसला शब्द ऐकला नव्हता.

हरिपाठ आला म्हणजे बोलणे आले असे मात्र होत नाही. मनात आलेली नवी गोष्ट शब्दांत मांडणे हे काम वेगळे आहे. सुदैवाने गाण्यापासून बोलण्यापर्यंत एक पूल बांधता येतो. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या तज्ज्ञांनी १९७३ साली त्याची पद्धत मांडली. पुण्याच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ती आम्हांला शिकवली, आणि ऐकून मला वाटले, हे तर आपल्या बालवाडीतल्या बाईही करतात!

ती अशी. रोज लागणारे एक लहान वाक्य घ्यायचे, समजा 'पाणी दे'. त्याला दोनच सुरांची चाल लावायची, एक वरचा, एक खालचा. दारावरून जाणारा भाजीवाला ओरडतो ना, तशी. रुग्णाच्या समोर बसायचे, त्याचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा आणि दर अक्षराला त्याच्या मांडीवर एक हलका ठोका. पा, णी, दे. आधी नुसते गुणगुणायचे. मग दोघांनी मिळून म्हणायचे. मग अर्ध्यावर आपण थांबायचे आणि त्याने पुरे करायचे. मग त्याने एकट्याने. मग विचारायचे, 'काय हवं?' आणि त्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे. हे पक्के झाले की चाल हळूहळू पातळ करत बोलण्याच्या जवळ आणायची. ज्याला ऐकलेले बऱ्यापैकी कळते पण उच्चारता येत नाही, त्याला ह्याचा उपयोग होतो. सगळ्यांना होत नाही, आणि ज्या वाक्यांचा सराव केला ती आधी सुधारतात, बाकीचे बोलणे त्या मानाने कमी. हेही त्या बाईंनी आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले. ज्या तज्ज्ञाला आपल्या उपायाची मर्यादा सांगता येते, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

माईंना 'पाणी दे' स्वतःहून म्हणायला दोन महिने लागले. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटे. पुढे 'चहा नको', 'बाहेर जायचं', 'दिवा लाव'. त्यानंतरचे चौथे वाक्य आम्ही शिकवले नव्हते. मोठ्या मुलाला हाताने जवळ बोलावून त्यांनी म्हटले, 'किल्ली दे.' त्याच चालीत. किल्ल्या परत आल्या.

आता हाताकडे वळते. ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राला सांगण्यासारखा इतिहास आहे आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. एलिझाबेथ लंडी नावाची एक अमेरिकन तरुणी लग्न करून निंबकरांच्या घरात आली आणि कमला निंबकर झाली. हातांच्या कामातून, विणकाम, सुतारकाम, टोपल्या वळणे, शिवण अशा उद्योगांतून आजारी माणसाला पुन्हा उभे करण्याचे शास्त्र पाश्चात्त्य देशांत पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या निमित्ताने वाढीस लागले होते. इंग्रजीत त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आपण व्यवसायोपचार म्हणू. ह्या बाईंनी त्याचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातली ह्या विषयाची पहिली शाळा काढली. १९५२ साली ह्या शास्त्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहा देशांत भारताचे नाव होते, ते त्यांच्यामुळे. आपल्यापासून फार लांब नसलेल्या फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन.

त्या शास्त्राचे मर्म मला असे समजले. मेल्या पेशी काही परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी आपसांत नवे धागे जोडू शकतात, शेजारचा भाग गेलेल्याचे काम उचलू शकतो. हे धागे जुळतात ते वापराने, आणि तोच वापर पुनःपुन्हा केल्याने. पहिल्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पण त्यानंतरही ती चालू राहते. आता गोम अशी की, 'हात शंभर वेळा वर करा' असे सांगितले तर माणूस दहाव्या वेळेला कंटाळतो. त्यालाच नातीच्या गोधडीला शंभर टाके घाल म्हटले तर तो दोनशे घालतो. टाका वाकडा गेला की डोळ्यांना दिसतो, उसवावासा वाटतो, पुन्हा घालावासा वाटतो. डोळा, बोट, लक्ष, आठवण आणि हौस, सगळी एका वेळी कामाला लागतात. मला वाटते, कलेचा औषधी गुण असेल तर तो येथे आहे. तिच्यात पुनरावृत्ती असते आणि तिचा कंटाळा येत नाही.

माईंनी आधी उजव्या हाताने कापड नुसते दाबून धरले आणि डाव्याने टाके घातले. सुई मोठी घेतली, गोधडी शिवायचीच, तिला जाड दोरा ओवला. लुळ्या हाताला काम अगदी थोडे द्यायचे, पण द्यायचेच. नाही तर चांगला हात सगळे करून टाकतो आणि दुखावलेला हात विसरून जातो. मटार सोलणे, कणकेचा गोळा दाबणे, दोन्ही हातांनी लाटणे फिरवणे, वाती वळणे, हे सगळे ह्यात येते. दोन सूचना मात्र पाळाव्यात. लुळ्या हाताला धरून माणसाला कधी ओढून उठवू नये, खांदा निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. आणि त्या हाताची जाणीव गेलेली असू शकते, सुई टोचलेली किंवा तवा लागलेला कळत नाही. तेव्हा सुरुवातीला कोणीतरी शेजारी बसावे.

डावे अंग गेलेल्यांची गोष्ट निराळीच असते, कारण त्यांच्या मेंदूची उजवी बाजू दुखावलेली असते. आमच्या आळीतल्या एका आजींनी झटक्यानंतर तीन महिन्यांनी हौसेने दारात रांगोळी काढायला घेतली. कमळ काढले, पण उजवे अर्धेच. डाव्या पाकळ्या नाहीतच. आणि त्या समाधानाने म्हणाल्या, 'झालं.' पोरे हसली. सुनेने सांगितले, त्या जेवतातही अशाच. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवतात, आणि 'आज चटणी वाढली नाही' म्हणून रागावतात. चटणी-कोशिंबीर डाव्या बाजूला तशीच असते! डोळे चांगले असतात, पण डाव्या बाजूचे जगच लक्षातून गेलेले असते. डॉक्टर ह्याची परीक्षा घड्याळाचे चित्र काढायला सांगून घेतात, तर रुग्ण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. रांगोळीने तीच परीक्षा आपोआप झाली होती. ह्यावर उपायही रांगोळीत सापडतो. ठिपक्यांची रांगोळी घ्यावी, डाव्या टोकाला ठसठशीत लाल कुंकवाची उभी रेघ ओढावी, आणि प्रत्येक ओळ ती रेघ डोळ्यांनी शोधूनच सुरू करायची असा नेम घालावा. लाल खूण सापडली की नजर डावीकडे जायला शिकते. बोलताना आपणही त्यांच्या डावीकडे बसावे.

वाचा नसताना रेघ किती बोलू शकते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, जरी ते मेंदूच्या इजेचे नव्हे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे ह्यांची आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. घरात वाचाघाताचा रुग्ण असेल तर एक वही आणि जाड पेन्सिल त्याच्या उशाशी ठेवा. चित्र सुबक येण्याची गरज नाही. पेल्याच्या दोन रेघा पाणी मागायला पुरतात.

तालाविषयी थोडक्यात. चालताना पाऊल अडते, रखडते, तेव्हा ठरलेल्या ठोक्यावर चालायला लावले तर चाल सुधारते, हे झटक्याच्या आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळदा दिसून आले आहे. पार्किन्सन्स म्हणजे हातपाय कापणे, हालचाल मंदावणे. त्यात मेंदूतला पाऊल उचलण्याचा आतला ठोकाच बिघडतो, आणि बाहेरचा ठोका त्याची जागा थोडी भरून काढतो. पुण्यात हृषीकेश पवार ह्या नर्तकाने २०१० च्या आसपास अशा रुग्णांना नृत्य शिकवायला सुरुवात केली. तेथलेच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. आपल्याकडे त्यासाठी वेगळे नृत्य शोधायला नको. दिंडीतली पावली पाहा. टाळावर पाऊल पुढे, पाऊल मागे, शेजारच्याचा आधार. शेख महंमदबाबांच्या ह्या गावात टाळ नाही असे घर विरळाच. वारीतल्या पावलीवर कोणी शास्त्रीय प्रयोग केल्याचे मी सांगत नाही, पण माई काठी घेऊन ओसरीची लांबी टाळाच्या ठोक्यावर चालल्या, तेव्हा त्यांचा उजवा पाय फरशीवर कमी घासला, हे मी पाहिले आहे. घसरण्याची भीती असते, म्हणून एकजण कायम बाजूला हवा, आणि पायांत चपला न घासणाऱ्या.

आणि ज्यांना काहीच करता येत नाही, त्यांनी नुसते ऐकले तरी? फिनलंड देशात ह्याचा प्रयोग झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. झटका नुकताच आलेल्या रुग्णांचे तीन गट केले. एकाने दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने वाचून दाखवलेली पुस्तके ऐकली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. अखेरपर्यंत टिकलेल्या ५४ रुग्णांत संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष इतरांपेक्षा अधिक सुधारले, आणि त्यांचे मनही कमी खचले. ५४ ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण ह्या औषधाला पैसे पडत नाहीत. मात्र गाणी त्यांच्या आवडीची हवीत. आपल्याला हवी ती मालिका मोठ्याने लावून रुग्णाला समोर बसवणे, ह्याला संगीतोपचार म्हणत नाहीत.

धडधाकट आहेत त्यांनाही ह्यात काही आहे का, असे विचाराल. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले होते. २००३ साली त्याचा अहवाल आला. जी वाचत होती, पटावरचे खेळ खेळत होती, वाद्य वाजवत होती, नाचत होती, त्यांच्यात विस्मरणाचा आजार कमी आढळला. आता नाचल्यामुळे मेंदू टिकला की मेंदू टिकल्यामुळे नाचता आले, हे अशा पाहणीतून पक्के ठरत नाही. म्हणून मी तुम्हांला सांगेन, आधी रक्तदाब मोजून घ्या, गोळी चुकवू नका, तंबाखूची मिश्री सोडा, मग भजनाला या. 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या बायकांचाच रक्तदाब सर्वांत वर निघतो. तो वाढलेला असताना बहुधा काहीच होत नसते, हीच त्याची खोड.

एक गोष्ट मात्र मला खटकते. रांगोळी, गोधडी, जात्यावरची ओवी, ह्यांना आपण कधी कला म्हटलेच नाही, ती आपली कामे होती. गी पॉयटव्हाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले की न शिकलेल्या बायकांच्या डोक्यात केवढे भांडार होते. हाताला दळणाचा ताल, गळ्यात सूर, आणि त्याच वेळी शब्द नवे जुळवायचे! मेंदूच्या एवढ्या भागांना एकदम कामाला लावणारा दुसरा उद्योग मला तरी सुचत नाही. जाती गेली, त्याचे मला दुःख नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बाईचे खांदे कसे भरून येत, हे माझ्या आईने मला पुष्कळ ऐकवले आहे. पण ज्यांच्या गळ्यात त्या ओव्या आहेत, त्या आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, म्हणजे नेमक्या अशा आजाराच्या वयात. त्यांना कोणत्या ओव्या येतात, कोणते अभंग पाठ आहेत, हे प्रत्येकीने आपल्या घरी आजच विचारून फोनवर त्यांच्याच आवाजात भरून ठेवावे. उद्या काही झाले, तर उपचाराला बसणाऱ्या बाई पहिल्यांदा हेच विचारतील की, ह्यांना कोणते गाणे येत होते? आमच्या घरात तेव्हा ह्याचे उत्तर एकट्या धाकट्या सुनेला देता आले.

तेव्हा माझी मंडळापुढे एक मागणी आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार मंडळाची ही खोली रिकामी असते. ती अशा रुग्णांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी द्यावी. हा काही दवाखाना होणार नाही. व्यायाम आणि वाचा-उपचार ज्याच्या त्याच्या तज्ज्ञाकडे चालू राहतील. येथे अर्धा तास भजन-ओव्या आणि अर्धा तास टाके किंवा रांगोळी, एवढेच. दमले की थांबायचे. सांभाळणाऱ्या सुना-मुलींनाही आठवड्यातून एक तास आपल्यासारख्याच दुसरीशी बोलायला मिळेल, आणि खरे सांगायचे तर त्यांना त्याची गरज रुग्णाइतकीच असते. पुरुषांनाही येऊ द्यावे. मंडळाच्या नियमात ते बसत नसेल तर चिटणीसबाईंनी नियमाकडे त्या एका तासापुरती पाठ करावी.

सतरंजी नको, हात असलेल्या खुर्च्या हव्यात, कारण खाली बसलेल्याला उठवताना दोघींची कंबर जाते. दाराची पायरी उंच आहे, तेथे फळीचा उतार करून घ्यावा लागेल. रिक्षाच्या भाड्याची सोय भिशीतल्या शिल्लक रकमेतून होईल का, ते खजिनदारबाईंनी पाहावे. माई आता तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतात. नातवंडांची नावे अजून अदलाबदल होतात, आणि नातवंडे मुद्दाम चुकीच्या नावाला ओ देतात. पहिल्या गुरुवारी मी त्यांना घेऊन येते. टाळांचे दोन जोड आमच्याकडचे आहेत, बाकीचे भजनी मंडळाकडून मागून आणावे लागतील.